लोकसंख्येचे वार्धक्य, गिरणगावातील

एखाद्या प्रदेशाच्या एकूण लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढत जाणे व बालकांचे प्रमाण घटत जाणे, या प्रक्रियेस लोकसंख्येचे वार्धक्य असे म्हणतात. भारतात साधारणतः ६० वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्तींची गणना वृद्धांत केली जाते. पाश्चात्त्य देशांत ही मर्यादा बहुधा ६५ वर्षांची मानतात. या प्रक्रियेचे आर्थिक परिणाम केवळ वृद्धांपुरते मर्यादित राहत नाहीत. वृद्धांचा निर्वाह, औषधोपचार व निवारा यांचा खर्च कोणत्या ना कोणत्या मार्गाने कमावत्या पिढीच्या उत्पन्नातून भागवावा लागतो. त्यामुळे त्या पिढीचे शिक्षण, रोजगार, बचत, विवाह व घर या सर्वांवर त्याचा प्रभाव पडतो. मुंबईतील लोअर परळ व त्याला लागून असलेले परळ, लालबाग, शिवडी, वरळी, प्रभादेवी, भायखळा इ. भाग मिळून होणाऱ्या गिरणगावात हे परिणाम विशेष स्पष्टपणे दिसून आले आहेत. तरुण पिढीवर पडणारा भार वृद्धांच्या केवळ संख्येवर अवलंबून नसतो. वृद्धापकाळाची तरतूद कोणी, केव्हा व कोणत्या स्वरूपात केली, यावर तो मुख्यतः ठरतो, हा गिरणगावाच्या अनुभवाचा निष्कर्ष होय.

कारणे व मापन : लोकसंख्येचे वार्धक्य प्रामुख्याने जननमान घटल्यामुळे घडून येते, आयुर्मान वाढल्याने त्याला गती मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रातील एकूण जननदर दर स्त्रीमागे १.७ होता. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढण्यास सु. २.१ इतका दर आवश्यक असतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्ती सु. १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. २०३१ पर्यंत महाराष्ट्रातील प्रमाण सु. १५ टक्क्यांवर जाईल, असा लोकसंख्याविषयक प्रक्षेपणांचा अंदाज आहे.

१५ ते ५९ वयोगटातील दर शंभर व्यक्तींमागे असलेल्या वृद्धांच्या संख्येस वृद्धावलंबन गुणोत्तर म्हणतात. भारतात ते २०११ मध्ये १४.२ होते. या गुणोत्तरात कमावत्या वयाची प्रत्येक व्यक्ती कमावतेच आणि साठीनंतरची प्रत्येक व्यक्ती परावलंबी असते, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दोन्ही गृहीतके अपुरी ठरतात. १९८२ नंतर गिरणगावात पस्तिशी-चाळिशीतील हजारो पुरुष बेकार झाले. वयाने ते कमावते, पण व्यवहारात परावलंबी होते. उलट, साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रिया डबे करून किंवा घरकाम करून संसार चालवीत होत्या. म्हणून पिढ्यांमधील आर्थिक संबंध समजण्यासाठी वयोगटांच्या गणनेबरोबरच उत्पन्न, मालमत्ता व श्रम कोणाकडून कोणाकडे जातात, हेही पाहावे लागते.

पिढ्यांमधील हस्तांतरण : वृद्धांच्या निर्वाहाची साधने तीन : (१) कुटुंब, (२) राज्यसंस्था व (३) आयुष्यभराची बचत किंवा मालमत्ता. फ्रँको मोदिल्यानी यांच्या जीवनचक्र सिद्धांतानुसार मनुष्य कमावत्या वयात बचत करतो व वृद्धापकाळी ती खर्च करतो. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या परस्परव्यापी पिढ्यांच्या प्रतिमानात तरुण पिढी वृद्धांना पोसते व पुढे तिला तिच्यानंतरची पिढी पोसते, या अलिखित कराराचे अर्थशास्त्रीय विवेचन आढळते. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत, १८८९ मध्ये, वार्धक्य विम्याचा कायदा होऊन या कराराला राज्यसंस्थेचे रूप मिळाले. जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठी २००० पासून स्वतंत्र विमा योजना असून चाळीस वर्षांवरील नागरिकांना तीत वर्गणी भरावी लागते. अशा देशांत वार्धक्याचा भार कर व वर्गणी यांच्या रूपाने सर्व कमावत्यांवर विभागला जातो. जेथे अशी व्यवस्था नसते, तेथे तो ज्याच्या घरी वृद्ध आहेत त्या मुलावर वा मुलीवर एकवटतो. भारतात असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य कुटुंबे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. [→ निवृत्तिवेतन].

गिरणगावातील जुनी व्यवस्था : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतरच्या शतकात परळ, लालबाग, लोअर परळ या भागांत गिरण्यांची व त्यांच्या आधाराने चाळींची दाट वस्ती झाली. कामगार प्रामुख्याने रत्नागिरी (आजचा सिंधुदुर्ग धरून), सातारा, कोल्हापूर, सांगली व पुणे या जिल्ह्यांतून येत. पुष्कळसे पुरुष एकटेच येऊन गाळ्यात पाळीपाळीने राहत व खानावळीत जेवत. आईवडील, पत्नी व मुले गावी असत. दरमहा जाणारी मनीऑर्डर हे गावाकडील वृद्धांचे जणू निवृत्तिवेतनच होते. शहर तरुण राहत असे व वार्धक्य गावाच्या वाट्यास येत असे.

कामगार स्वतः थकला म्हणजे भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची रक्कम घेऊन बहुधा गावी परते. त्याआधी जॉबर किंवा ओळखीचे लोक यांच्या साहाय्याने मुलाला, भावाला वा पुतण्याला आधी बदली कामगार म्हणून चिकटवून घेण्याचा प्रघात होता. चाळीतील खोली त्याच्याकडेच राही. अशा रीतीने नोकरी, खोली व गावचे घर या तीन गोष्टींच्या आधारे पिढ्यांचा व्यवहार चाले : नोकरीतून तरुणाचा रोजगार, खोलीतून त्याचा निवारा आणि गावच्या घरातून वृद्धाचा विसावा साधला जाई. गावोगावची ग्रामस्थ मंडळे, पतपेढ्या व भिशी यांनी अडीअडचणीच्या प्रसंगी या व्यवस्थेला जोड दिली. या व्यवस्थेत निवृत्तिवेतन नव्हते. परंतु नोकरीची साखळी अखंड असल्याने त्याची उणीव फारशी जाणवत नसे.

१९८२ चा संप व त्याचे परिणाम : १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे, तसेच राष्ट्रीय मिल मजदूर संघास एकमेव प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम बदलणे, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. हा संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाच्या घरातील कामगार पुन्हा कामावर परतू शकले नाहीत, असा अंदाज केला जातो. उरलेल्या गिरण्याही पुढील दोन-अडीच दशकांत एकामागून एक बंद पडल्या. बंद गिरण्यांतील कामगारांच्या हक्कांसाठी १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने संघर्ष समिती स्थापन झाली.

लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की, तिने एका संपूर्ण पिढीला अकाली निवृत्त केले. १९८२ मध्ये ३० वर्षांचा असलेला कामगार २०१२ मध्ये साठीला पोहोचला; ४० वर्षांचा असलेला त्या वर्षी सत्तर वर्षांचा झाला. म्हणजे वृद्धापकाळासाठी बचत करण्याची जी वीस-तीस वर्षे, ती या पिढीची बेकारीत किंवा अनियमित रोजंदारीत गेली. साखळीतील पहिला दुवा, नोकरी, तुटला. तिसरा दुवा, गावचे घर, हाही हळूहळू दुबळा झाला. कारण मनीऑर्डर थांबल्यावर तुटपुंज्या शेतीवर परतलेल्या कामगाराचा भार पेलण्याची गावाची शक्ती नव्हती. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातील मुंबई शहर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर, तर रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. गिरण्यांचे शहर आणि तिला मनुष्यबळ पुरविणारा कोकणचा भाग, या दोहोंतून तरुण कुटुंबे उपनगरांकडे व अन्यत्र सरकत गेली, हे या घटीमागील एक कारण होय.

निवृत्तिवेतनाचा अभाव : कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये, तर उपदानाचा १९७२ मध्ये झाला. दोन्हींतून मिळणारी रक्कम एकरकमी असते. १९७१ च्या योजनेत कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबास निवृत्तिवेतन मिळण्याची सोय होती. खुद्द कामगारास हयातभर मासिक निवृत्तिवेतन देणारी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. तत्पूर्वीच सेवेबाहेर फेकल्या गेलेल्या बहुसंख्य संपकरी कामगारांना तिचा लाभ मिळाला नाही. त्यानंतर निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतनही अल्प होते. या योजनेखालील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. एकरकमी मिळालेला पैसा बहुधा साठलेली देणी, मुलीचे लग्न, आजारपण किंवा गावच्या घराची डागडुजी यांत संपत असे. कापसाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसांचा विकार (बिसिनोसिस) व साच्यांच्या अखंड आवाजाने येणारे बहिरेपण हे या कामगारांचे व्यवसायजन्य आजार होत. राज्य कामगार विम्याचे वैद्यकीय संरक्षण नोकरीशी निगडित असल्याने ऐन गरजेच्या वयात अनेकांना ते अंतरले. परळ येथील के. ई. एम. (१९२६) व टाटा स्मारक (१९४१) ही रुग्णालये जवळ असल्याने हा भार काहीसा हलका झाला, तरी औषधे, तपासण्या व सोबतीसाठी बुडणारी रोजी हा खर्च कुटुंबालाच सोसावा लागला.

या संदर्भात शेजारच्या कुटुंबांशी केलेली तुलना उद्‌बोधक ठरते. लोअर परळ येथे रेल्वेचा मोठा कारखाना आहे; महानगरपालिकेचे कर्मचारीही याच चाळींतून राहत आले आहेत. रेल्वेतून किंवा महानगरपालिकेतून जुन्या नियमांनुसार निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यास महागाई भत्त्यासह हयातभर निवृत्तिवेतन मिळते व त्याच्यामागे पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन. अशा घरात पैशाचा ओघ पुष्कळदा वृद्धाकडून तरुणांकडे वाहतो. नातवंडांची फी, मुलाच्या धंद्याला भांडवल, लग्नकार्य यांस त्याचा हातभार लागतो. त्याच मजल्यावरील, त्याच वयाच्या गिरणी कामगाराच्या घरात हा ओघ उलट दिशेने, म्हणजे मुलांच्या मिळकतीतून वडिलांकडे जातो. वृद्धांची संख्या दोन्ही घरांत सारखीच. फरक आहे तो तरतुदीचा.

तरुण पिढीवरील परिणाम : (१) शिक्षण : संपाच्या काळात शाळेत असलेल्या पिढीवर पहिला आघात झाला. वडिलांची मिळकत थांबल्याने थोरल्या मुलाने शिक्षण सोडून मिळेल ते काम धरावयाचे व धाकट्यांना शिकवावयाचे, अशी विभागणी अनेक घरांत झाली. मुलींचे शिक्षण त्याहून लवकर थांबे. शिक्षणातील ही तूट त्या पिढीच्या आयुष्यभराच्या मिळकतीत दिसते. तिचा परिणाम वृद्ध आईवडिलांना पोसण्याच्या तिच्या क्षमतेवरही होतो. जयंत पवार यांच्या अधांतर (१९९७) या नाटकात संपानंतरच्या अशाच एका गिरणी कामगार कुटुंबातील तरुण मुलांची कोंडी चित्रित झाली आहे.

(२) रोजगार : १९९० नंतर लोअर परळच्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप पालटले. फिनिक्स गिरणीच्या जागी व्यापारसंकुल, कमला गिरणीच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आणि श्रीनिवास गिरणीच्या जमिनीवर गगनचुंबी निवासी मनोरे उभे राहिले. नव्या कार्यालयांतील वरच्या पगाराच्या नोकऱ्यांना उच्च शिक्षण व इंग्रजीवरील प्रभुत्व लागे. ज्यांचे शिक्षण अपुरे राहिले होते, त्यांच्या वाट्याला सुरक्षारक्षक, सफाई कामगार, विक्रेता, वाहनचालक, घरपोच माल देणारा अशी बहुधा कंत्राटी कामे आली. वडिलांच्या कायम नोकरीतील निर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा यांसारखे लाभ मुलाच्या नोकरीत पूर्णांशाने उतरले नाहीत.

(३) स्त्रियांचे श्रम : वृद्धांच्या शुश्रूषेचा आर्थिक भार राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात दिसत नाही, कारण तो सुना व मुली यांच्या बिनमोल श्रमांतून वाहिला जातो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी घरातील एका स्त्रीला नोकरी सोडावी लागली, तर तिचा बुडालेला पगार हाच त्या शुश्रूषेचा खरा खर्च होय. दुसऱ्या बाजूस, नातवंडे सांभाळून सुनेला नोकरीस मोकळीक देणारी सासू कुटुंबाच्या मिळकतीत अप्रत्यक्ष भरच घालते. संपानंतर गिरणगावातील अनेक घरे स्त्रियांच्याच कमाईवर तगली. खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ या दृष्टीने उल्लेखनीय आहे. स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांहून अधिक असल्याने वृद्धांत विधवांचे प्रमाण मोठे असते. आयुष्यभर श्रम करूनही त्यांच्या नावावर निर्वाह निधी नसतो व पुष्कळदा भाडेपावतीही नसते. त्यामुळे मुलांवरील त्यांचे अवलंबन अधिक असते.

(४) बचत व विवाह : एकाच मिळकतीतून आईवडील, स्वतःचा संसार व मुलांचे शिक्षण भागवावे लागणाऱ्या पिढीस स्वतःच्या वृद्धापकाळासाठी बचत करणे कठीण जाते. स्वतंत्र निवारा नसल्याने विवाह लांबणे, हाही या भागातील परिचित परिणाम होय. अशा रीतीने एका पिढीची अपुरी तरतूद पुढच्या पिढीच्या अपुऱ्या तरतुदीचे कारण बनते.

खोली व भाडेहक्क : नोकरी गेल्यावर गिरणगावातील वृद्धांच्या हाती उरलेली एकमेव मोलाची गोष्ट म्हणजे चाळीतील खोली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठविली आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबियास भाडेहक्क मिळण्याची तरतूद केली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. पागडीच्या प्रथेमुळे या हक्कास बाजारात किंमत असते. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावर मुंबई विकास विभागाने (बी. डी. डी.) १९२० च्या दशकात बांधलेल्या ३२ चाळी होत्या व त्यांतील खोली सु. १६० चौ. फुटांची होती. वरळी, नायगाव व शिवडी येथील मिळून अशा चाळींची एकूण संख्या २०७ होती.

निवृत्तिवेतन नसलेला वृद्ध व घर नसलेला तरुण यांच्यातील देवघेव याच खोलीच्या आधारे चालते. मुलगा आईवडिलांचा खर्च चालवितो. आईवडील त्याला शहराच्या मध्यभागी नाममात्र भाड्याचा निवारा देतात व आपल्यामागे तो त्याच्या नावे होईल, अशी अपेक्षा निर्माण करतात. या दृष्टीने पाहता गिरणगावातील वृद्ध हा तरुण पिढीवरील निव्वळ भार नाही. तथापि ही देवघेव सर्वांना सारखी लाभत नाही. खोली एक व वारस अनेक असल्याने सोबत राहणाऱ्या मुलाला ती मिळते. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, विरार अशा दूरच्या ठिकाणी राहावयास गेलेल्या भावांचा व लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हक्क मागे पडतो. यातून भावकीचे तंटे उद्‌भवतात. जे तरुण दूर गेले, त्यांना गृहकर्जाचा हप्ता व रोजचा लांबचा प्रवास सोसून पुन्हा लोअर परळच्याच कार्यालयांत नोकरीस यावे लागते, तर आईवडील चाळीत एकटे राहतात. एका कुटुंबाचे दोन संसार झाल्याने खर्च वाढतो व शुश्रूषा अवघड होते.

खोली ही मोलाची असली, तरी वृद्धास तिच्यातून मासिक उत्पन्न काढता येत नाही. भारतात २००७ मध्ये साठीवरील घरमालकांसाठी उलट गहाण योजना सुरू झाली. तीत घर गहाण ठेवून बँकेकडून हयातीत ठरावीक रक्कम मिळविता येते. परंतु भाडेकरू हा मालक नसल्याने चाळकऱ्यास तिचा उपयोग नाही. खोली विकून दूर जाणे किंवा पुनर्विकासाची वाट पाहणे, एवढेच पर्याय राहतात. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात प्रत्येक पात्र भाडेकरूस ५०० चौ. फुटांची सदनिका मालकी हक्काने देण्याची योजना असून वरळी येथील पहिल्या ५५६ सदनिकांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. पुनर्विकासाने मालमत्ता वाढते. मात्र उद्‌वाहन, पाणी, सुरक्षा इत्यादींचा मासिक देखभालखर्चही येतो. नाममात्र भाड्याची सवय असलेल्या, उत्पन्न नसलेल्या वृद्धाच्या वतीने तो पुढे मुलांनाच द्यावा लागतो.

गिरण्यांची जमीन व घरांची सोडत : मुंबईतील ५८ गिरण्यांच्या ताब्यात सु. ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ती विकताना एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेस व एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडास देण्याचे ठरले. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली. तिच्याविरुद्धचा उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. त्यामुळे सार्वजनिक वाट्यास येणारे क्षेत्र पुष्कळ घटले. जमिनीची किंमत किती वाढली होती, याची कल्पना २००५ च्या एका व्यवहारावरून येते : लोअर परळ येथील मुंबई टेक्स्टाइल मिलची सु. १७ एकर जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ७०२ कोटी रुपयांना विकली.

म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगार किंवा त्यांचे वारस यांच्यासाठी घरे बांधण्यात आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असणे, ही पात्रतेची मुख्य अट होती. जून २०१२ मध्ये ६,९२५, मे २०१६ मध्ये २,६३४, डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळील कोन येथील २,४१७ व मार्च २०२० मध्ये ३,८९४ अशा एकूण १५,८७० घरांची सोडत निघाली. अर्जदारांची संख्या मात्र सु. पावणेदोन लाख होती. म्हणजे शंभर अर्जदारांपैकी सु. नऊ जणांनाच घर लाभले. १९८२ मध्ये कामावर असलेल्यांतील सर्वांत तरुण कामगारही २०२० पर्यंत साठीकडे झुकले होते वा ती ओलांडून गेले होते. अनेक कामगार सोडतीपूर्वीच निवर्तले व अर्ज वारसांच्या नावे चालू राहिले.

या घरांतही पिढ्यांमधील देवघेवीचे वेगळे रूप दिसते. २०२० च्या सोडतीतील २२५ चौ. फुटांच्या घराची किंमत साडेनऊ लाख रुपये होती. बाजारभावाच्या मानाने ती अल्प असली, तरी निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्धाच्या आवाक्यातील नव्हती. सत्तरीच्या व्यक्तीस दीर्घ मुदतीचे कर्ज मिळत नाही. त्यामुळे हप्ते फेडण्याची जबाबदारी कमावत्या मुलावर किंवा मुलीवर येते. हक्क वडिलांचा व कर्ज मुलाचे, असा हा व्यवहार होय. उरलेल्या अर्जदारांसाठी २०२४ मध्ये शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना शासनाने जाहीर केली. घर मुंबईतच मिळावे, अशी मागणी करीत गिरणी कामगारांनी व वारसांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन केले. या मागणीस आर्थिक कारणही आहे : गिरणगावापासून दूरचे घर वृद्धास रुग्णालयापासून व तरुणास रोजगारापासून तोडते.

शासकीय योजना व कायदे : महाराष्ट्रात ६५ वर्षे व त्यांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, तिच्यातील साहाय्य २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र दीर्घकाळ २१,००० रुपयेच राहिली. घरात एक कंत्राटी कामगार जरी असला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मुलगा कमावतो म्हणजे वडिलांची सोय आहे, असे या अटीत गृहीत धरलेले असते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात मार्च २००९ पासून लागू झाला. त्याखालील न्यायाधिकरण मुलांना दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश देऊ शकते. तसेच सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, परत मिळविता येते. वडिलांना टाकणाऱ्या सधन मुलाविरुद्ध हा कायदा उपयुक्त आहे. ज्याचे स्वतःचेच उत्पन्न अपुरे आहे, अशा मुलाच्या बाबतीत आदेशाने उत्पन्न निर्माण होत नाही, ही त्याची स्वाभाविक मर्यादा होय. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले. उत्पन्नाची अट नसल्याने तरुण कुटुंबांवरील आकस्मिक खर्चाचा भार हलका करण्याची क्षमता तीत आहे.

मूल्यमापन : वृद्ध वाढले म्हणून तरुणांवरील भार वाढला, असे सरळ समीकरण गिरणगावाच्या बाबतीत मांडता येत नाही. येथे उद्योगाने कामगारांच्या वृद्धापकाळाची तरतूद न करता काढता पाय घेतला, जमिनीच्या वाढीव मूल्यातील अल्प हिस्सा कामगारांकडे आला व राज्याचे साहाय्य तुटपुंजे राहिले. या तिन्हींनी सोडलेला भार कुटुंबाने, त्यातही कमावत्या मुलांनी व घरातील स्त्रियांनी उचलला. खोलीच्या रूपाने वृद्धांनी त्याची अंशतः परतफेड केली.

संपाच्या वेळी शाळेत असलेली मुले आता पन्नाशीत आहेत. त्यांतील अनेकांचे आयुष्य कंत्राटी कामांत गेले असल्याने त्यांच्याही वृद्धापकाळाची तरतूद अपुरी आहे. त्यांच्या वडिलांना तीन-चार अपत्यांचा आधार होता. त्यांना स्वतःला बहुधा एक वा दोन अपत्ये आहेत. असंघटित कामगारांसाठी अटल पेन्शन योजना (२०१५) व प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना (२०१९) या वर्गणीवर आधारलेल्या योजना आहेत. दुसरीत साठीनंतर दरमहा ३,००० रुपयांची हमी असली, तरी प्रवेशाची वयोमर्यादा ४० वर्षांची असल्याने ती या पिढीला उशिराची ठरली. मात्र लोअर परळच्या मनोऱ्यांत व संकुलांत आज काम करणाऱ्या विशी-तिशीतील कामगारांच्या बाबतीत ती वेळ अद्याप गेलेली नाही. त्यांच्या कंत्राटी सेवेत निर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांची वर्गणी नियमित भरली गेली, तर त्यांच्या मुलांना गिरणी कामगारांच्या मुलांप्रमाणे शिक्षण सोडून घर सांभाळण्याची वेळ येणार नाही. [→ लोकसंख्या, सामाजिक सुरक्षा].